आठ महिने टॉर्क्स वापरून: स्क्रूचं डोकं वाचलं, माझं फिरलं

आमचं भोसरीला छोटं वर्कशॉप आहे, मसाला पॅकिंगचे फीडर बनवतो. एका फीडरच्या कव्हरला 16 स्क्रू, एम4 (4 मिलीमीटरचे), स्टेनलेस, बटन हेड, म्हणजे चपट्या गोलसर डोक्याचे. आधी सगळे ॲलनचेच होते, म्हणजे डोक्यात षटकोनी खाच. बटन हेडचा त्रास ज्यांनी भोगलाय त्यांना वेगळं सांगायला नको, एम4 च्या साध्या, उंच डोक्याच्या कॅप स्क्रूला 3 मिलीमीटरची की लागते आणि बटन हेडला 2.5, वर खाच उथळ. त्यात कस्टमरच्या मेंटेनन्सवाल्याकडे इंची सेट असला की तो 3/32 घालतो, म्हणजे 2.38 मिलीमीटर. बसते, फिरतेही, आणि दोन-चार वेळात षटकोनाचा गोल होतो. मग मला फोन, "सर, स्क्रू हलके दिलेत तुम्ही."

असाच एकदा फोन आला, 16 पैकी 5 गोल. पॅकिंग एरियात ग्राइंडर चालवू देईनात म्हणून रात्री लाइन बंद झाल्यावर गेलो आणि एकेक डोकं ड्रिलने उडवत बसलो. स्टेनलेसमध्ये तीन ड्रिल मोडले, पेट्रोल वेगळं, बिल शून्य. दुसऱ्याच दिवशी टॉर्क्सचा, म्हणजे सहा पाकळ्यांची खाच असलेल्या स्क्रूंचा, टी20 मापाचा बॉक्स मागवला, ॲलनपेक्षा जवळपास दीडपट पैसे देऊन.

चांगलं आधी सांगतो. ॲलनमध्ये सगळा जोर कोपऱ्यांवर येतो आणि खाच बाहेर फाकते, टॉर्क्समध्ये बिट पाकळीच्या कडेला जवळपास सरळ ढकलतो. फुल्लीच्या (फिलिप्स) स्क्रूसारखा बिट बाहेर उसळत नाही, बॅटरी ड्रिलवर जोर देऊन उभं राहावं लागत नाही. स्क्रू बिटवर धरून बसतो, एका हाताने कव्हर, एका हाताने स्क्रू. आठ महिन्यांत आमच्या शॉपमध्ये एकही डोकं गोल झालेलं नाही. पाच स्टार, विषय संपला, असंच मी दुसऱ्या महिन्यात सगळ्यांना सांगत फिरत होतो.

मग हळद आली. बारीक पूड आणि वरून तेलकट हात, पाकळ्यांमध्ये असा गच्च थर बसतो की बिट अर्धाच आत जातो. अर्धा बसलेला टॉर्क्स बिट म्हणजे ॲलनपेक्षा वाईट. ॲलनची खाच की फिरवून तरी मोकळी होते, इथे सुई घेऊन सहा पाकळ्या कोरत बसायचं, 16 वेळा! मी स्वतः बसलोय, नखं चार दिवस पिवळी. स्क्रू उभ्या कव्हरला असता तर एवढं झालं नसतं, पण आमचे सगळे आकाशाकडे तोंड करून.

आणि 'स्टार' शब्दाचं काय करायचं सांगा. आपल्याकडे दुकानात स्टार मागितला की फुल्लीचा मिळतो. कस्टमरच्या पोराला फोनवर म्हटलं स्टार 20 लाव, त्याने फुल्लीचा पीएच2 कोंबला. पुढच्या वेळी सहा पाकळ्यांचा म्हणालो तर टी15 लावला, ढिला. शेवटी प्रत्येक मशीनच्या पॅनलमध्ये एक टी20 केबल टायने बांधून देतोय. तीन मशीनमधले गायब झालेत, खर्च माझा.

पाचव्या महिन्यानंतर मत बदललं. एम6 आणि वरच्या कॅप स्क्रूला ॲलनच ठेवलाय, 5 ची की आमच्याकडे कधी फसली नाही आणि ती प्रत्येकाच्या खिशात असते. फुल्ली फक्त इलेक्ट्रिकल पॅनलमध्ये. टॉर्क्स आतल्या छोट्या ब्रॅकेटला, जिथे हळद पोचत नाही आणि आमच्याशिवाय कोणी उघडत नाही.

कव्हरचं? परवा आमच्या जुन्या फिटरकाकांनी बघितलं आणि विचारलं, "रोज धुवायला काढायचं कव्हर आणि त्याला स्क्रू कशाला रे?" आठ महिने हे मला सुचलं नाही. आता चार टॉगल क्लॅम्प (दांडी दाबून बंद होणारे) लावतोय. टी20 चा अर्धा बॉक्स उरलाय, कुणाला हवा असेल तर खरेदीच्या भावात देतो, सोबत बिट मिळणार नाही.