'शंभर टक्के प्लेसमेंट'वाल्या जिम ट्रेनर कोर्सने माझे ८४,९६० रुपये खाल्ले

अकॅडमीचं नाव लिहीत नाही, वकिलाने मनाई केलीय. पुण्यात हायवेलगत तिसऱ्या मजल्यावर काचेचं ऑफिस, भिंतीवर उघड्या अंगाचे परदेशी बॉडीबिल्डर. बाकीचं तुम्हाला ठाऊकच आहे. इन्स्टावर जाहिरात, गोड बोलणाऱ्या काउन्सेलर मॅडम, 'सर, डिस्काउंट आज रात्रीपर्यंतच'.

फी ७२,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी १२,९६०. ५,००० लगेच जीपे केले. उरलेल्या ७९,९६० चं 'नो कॉस्ट ईएमआय', ९,९९५ चे आठ हप्ते. हप्ते अकॅडमीलाच जाणार असं मॅडम म्हणाल्या होत्या. प्रत्यक्षात ते फायनान्स कंपनीचं माझ्या नावावरचं कर्ज निघालं. अकॅडमीने सगळी रक्कम एका दमात उचलली. कुणी टॅब पुढे करून 'इथे फक्त ओटीपी टाका' म्हणालं, तर आधी विचारा, कर्ज कोणाच्या नावावर?

मी काही दुधखुळा नाही. डेडलिफ्ट (जमिनीवरून बार उचलणं) २१० किलो आहे, रॉ, म्हणजे आधार देणाऱ्या खास सूटशिवाय. आमच्या जिममधली पोरं फॉर्म मलाच विचारतात. अकाउंट्सची नोकरी सोडून कोचिंगच करावं असं वाटलं, यात चूक काय?

पहिल्या प्रॅक्टिकलला 'मास्टर ट्रेनर' स्क्वॉट शिकवायला उभा राहिला. बार किती किलोचा, एका मुलीने विचारलं. 'पंधरा धर.' समोर सरळसरळ २० किलोचा ऑलिम्पिक बार! मग बेल्ट कमरेखाली, पँटच्या पट्ट्यासारखा बांधला आणि म्हणाला, खाली जाताना श्वास पूर्ण सोडायचा. जड स्क्वॉट मारणारा कुणीही सांगेल, पोटात हवा भरून, ती धरूनच खाली जायचं, यालाच ब्रेसिंग म्हणतात. पाठीवर १६० किलो असताना पोट रिकामं करून बघा एकदा. मी 'सर, ब्रेसिंग?' एवढंच म्हणालो. तो म्हणाला, 'इंटरनॅशनल स्टँडर्ड असंच असतं.' झालं, मी गप्प. कर्ज आदल्या दिवशीच मंजूर झालेलं, तेव्हाच फोन करून रद्द करायला हवं होतं, हे आता सगळेच मला ऐकवतात. पण आपण तालमीच्या वळणात वाढलेली माणसं. वस्तादापुढे तोंड उघडायचं नाही हेच शिकलो. आणि तो वस्ताद नाही हे ओळखायला मी काय त्याची डिग्री मागणार होतो? (मागा. खरंच मागा.)

परीक्षा व्हॉट्सॲपवर, उत्तरं ग्रुपमध्ये आधीच फिरत होती. एसीई या अमेरिकी संस्थेच्या ट्रेनर परीक्षेला १५० प्रश्न, तीन तास आणि सीपीआरचं सर्टिफिकेट लागतं. आमच्या सर्टिफिकेटवरचा क्यूआर गुगल ड्राइव्हवरच्या पीडीएफवर जातो. मान्यता देणाऱ्या 'परदेशी बोर्डा'च्या वेबसाइटवर फोन नंबर त्याच काउन्सेलर मॅडमचा! असल्या सर्टिफिकेटांना मान्यता देणाऱ्या एनसीसीए या अमेरिकी संस्थेची यादी फुकट बघता येते, पैसे भरण्याआधी बघा. प्लेसमेंट म्हणजे एका सोसायटीच्या जिममध्ये ९,००० पगार, वर ट्रेडमिल पुसायचं काम.

आता सरकारी पाहुणचार ऐका. चौकीत साहेब म्हणाले, 'कोर्स झाला ना? सर्टिफिकेट मिळालं ना? मग फसवणूक कसली? दिवाणी बाब आहे.' ऑफिस एका ठाण्याच्या हद्दीत, क्लास दुसऱ्याच्या. दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. १९३० या सायबर हेल्पलाइनवर सांगितलं, पैसे तुम्ही स्वतःहून दिलेत, हा सायबर गुन्हा नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार घेतली, नंबर दिला, मग 'कंपनीकडून प्रतिसाद नाही' असं लिहून बंदही केली. प्रतिसाद देणारी कंपनी असती तर मी फोन कशाला केला असता? फायनान्सवाले म्हणतात, सेवेशी आमचा संबंध नाही, हप्ता भरा. एक हप्ता अडवला तर ५९० बाउन्स चार्ज लागला आणि सिबिल घसरला. फसवलं त्याला कुणी हात लावत नाही, फसलेल्याच्या मागे मात्र वसुलीवाले रोज सकाळी हजर.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे तक्रारीची फी नाही, मुदत दोन वर्षं. हे मला चौकीतल्या एकानेही सांगितलं नाही, शेजारच्या झेरॉक्सवाल्याने सांगितलं.

कॉल रेकॉर्ड करा. 'शंभर टक्के प्लेसमेंट' कागदावर लिहून मागा. आमच्या फॉर्मवर बारीक अक्षरात 'असिस्टन्स' होतं, म्हणजे नोकरीची हमी नाही, नुसती मदत. आणि माझ्या बॅचमधलं कुणी हे वाचत असेल तर पावती, कर्जाचा करार आणि ग्रुपमधल्या उत्तरांचे स्क्रीनशॉट डिलीट करू नका. आयोगाची परवानगी घेऊन एकत्र तक्रार करता येते. माझा नंबर जुन्या ग्रुपमध्ये आहे. ॲडमिनने मला काढलं असलं तरी तुमच्याकडे सेव्ह असेल.