झेनोडो: क्षेत्रनोंदींसाठी चांगली जागा, पण 'पब्लिश' जपून दाबा

भंडारा-गोंदियातले मामा (माजी मालगुजारी) तलाव, मेळघाटातली कोरकू गाणी, पूर्व विदर्भातल्या झाडीबोलीचे शब्द. या कामांच्या नोंदी प्राध्यापकाच्या संगणकात पडून असतात आणि हार्ड डिस्क गेली की संपतात. शोधनिबंधाच्या आधीचा हा कच्चा माल ठेवायला झेनोडो हे संशोधनाच्या फायलींचं ऑनलाइन भांडार उत्तम. सर्न ही युरोपातली अणुसंशोधन संस्था आणि ओपनएअर हा खुल्या संशोधनाचा युरोपीय उपक्रम यांनी २०१३ मध्ये सुरू केलेली ही सेवा फुकट आहे. एका नोंदीत ५० जीबी आणि १०० फायली मावतात, प्रत्येक नोंदीला डीओआय, म्हणजे संदर्भात देता येणारा कायमचा ओळख क्रमांक, मिळतो. ऑर्किड, म्हणजे संशोधकाचा ओळख क्रमांक, वापरून थेट लॉगिन होतं.

खरी अडचण मराठी मजकुराची. कृतिदेव किंवा श्रीलिपी या जुन्या फॉन्टमधली पीडीएफ दिसायला ठीक, पण शोधायला गेलं की हाती काहीच लागत नाही, कारण त्या फॉन्टमध्ये अक्षरांच्या जागी भलतेच संकेत साठवलेले असतात. आधी युनिकोड करा, मग पीडीएफ. तिच्यातली एक ओळ नोटपॅडमध्ये चिकटवून जोडाक्षरं तपासा. युनिकोडमध्येही ती कधी कधी मोडतात, म्हणून सोबत साधी टेक्स्ट फाइल द्याच. शीर्षक मराठीत ठेवून इंग्रजी शीर्षक वेगळ्या रकान्यात भरा.

ध्वनिमुद्रण असेल तर हिशेब आधी करा. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ वेव्ह फाइल मिनिटाला सुमारे १० एमबी घेते, तासाला ६०० च्या वर. मोनोत निम्मी होते, फ्लॅक या फाइल-प्रकारात दर्जा न गमावता आणखी कमी. तालुक्याच्या नेटवर तासाची एकच फाइल चढवण्यापेक्षा गाण्यागणिक वेगळी फाइल बरी. मधेच नेट गेलं तर एकच गाणं पुन्हा चढवावं लागतं. मसुदा मात्र अधूनमधून सेव्ह करत राहा.

डीओआय आधीच राखून ठेवता येतो. तो पीडीएफच्या पहिल्या पानावर छापून मगच फाइल चढवा. प्रकाशनानंतर वर्णन कधीही सुधारता येतं, पण फाइल बदलायची तर सहसा नवी आवृत्ती काढावी लागते. तिला वेगळा डीओआय मिळतो, सगळ्या आवृत्त्यांचा एक सामाईक असतोच. संदर्भात शक्यतो त्या-त्या आवृत्तीचाच द्या. परवान्याच्या रकान्यात आधीपासून सीसी-बाय ४.० असतं, म्हणजे श्रेय देऊन कुणीही व्यापारी वापरही करू शकतो. गाणाऱ्या बाईंनी किंवा तलावाची माहिती देणाऱ्या मासेमार ढिवर बांधवांनी एवढ्याला होकार दिला आहे का? नसेल तर फायली 'रिस्ट्रिक्टेड' ठेवा. नोंद दिसते, फाइल उघडत नाही.

तज्ज्ञांकडून समीक्षा (पीअर रिव्ह्यू) इथे होत नाही. त्यामुळे बढतीच्या अर्जात हे 'समीक्षित शोधनिबंध' म्हणून दाखवू नका. पीएच.डी.च्या प्रबंधाची जागा शोधगंगा, भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांचं ऑनलाइन भांडार.