हीटिंग पॅडचा ऑटो कट-ऑफ आणि ९० ग्रॅमचं पिल्लू : वापरानंतरचा अनुभव

पॅड बंद पडला. कंट्रोलरचा दिवा लागतो, पण पॅड गारच. सर्व्हिसवाल्यांनी फोनवर आधी विचारलं, "वापर कोणासाठी?" पिल्लांसाठी म्हटल्यावर म्हणे वॉरंटी लागू नाही. विक्रीच्या पानावर मात्र पॅडवर झोपलेल्या पिल्लांचाच फोटो! संताप झाला, म्हणून सविस्तर लिहितेय.

आमची पॉमेरेनियन डिसेंबरात, नाशिकच्या ऐन थंडीत व्यायली. तीन पिल्लांतलं एक जेमतेम ९० ग्रॅमचं, आचळ धरायचीही ताकद नसलेलं. एवढ्या लहान जिवाला कुडकुडताही येत नाही. अंग ३५ अंशांच्या खाली गेलं की आतडी मंदावतात, पाजलेलं दूध पोटात तसंच राहतं. आधी ऊब, मगच दूध, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पॅडने रात्रभर चालू राहावं, एवढंच मला हवं होतं.

आणि तेच होत नाही. दोन तासांनी ऑटो कट-ऑफ! बीप नाही, तो टायमर काढायची सोय नाही, खोक्यावर उल्लेखही नाही. कंबर शेकणारा माणूस पुन्हा बटण दाबेल, पिल्लू काय करणार? पहिल्या आठवड्यात त्यांच्या जागेला ३० अंशांच्या आसपास ऊब लागते. कट-ऑफ झाला की नाशिकच्या पहाटे ती भराभर उतरते.

तेव्हा एकच तारा देणार होते. पुढे मत थोडं बदललं. दूध दर दोन तासांनी पाजायचंच होतं, त्याच गजराला बटणही दाबलं जाऊ लागलं. सर्वांत कमी सेटिंगवर, वर जाड टॉवेल घातला की ऊब एकसारखी मिळते. कव्हर कितीदा धुतलं, तरी टिकलं. पॅड पिल्लांच्या खोक्याच्या अर्ध्याच भागात ठेवा, म्हणजे उकडलं तर पिल्लाला सरकता येतं. अशक्त पिल्लू सरकत नाही, त्याला सारखा हात लावून बघावं लागतं. तर तीन तारे.

पैसे खरे वसूल झाले ते एक ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या स्वयंपाकाच्या डिजिटल काट्यावर. पॅडच्या पाव किमतीत मिळाला! रोज जन्मवजनाच्या पाच ते दहा टक्के वाढ हवी, म्हणजे आमच्या बारक्याची पाच ते नऊ ग्रॅम. हाताला हा फरक कळणं शक्यच नाही. वजन थांबलं त्या दिवशी पिल्लू वरकरणी ठीक दिसत होतं. काट्यामुळे लगेच डॉक्टरांकडे गेलो आणि त्यांनी नळीने दूध सुरू केलं. आज तो घरभर धावतो.

दूध पाजायच्या बाटलीसोबतचं निपल मात्र वापरू नका, भोक फार मोठं आहे. दूध फुफ्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो. पाजताना पिल्लू पालथंच हवं, उताणं कधीच नाही.

दुरुस्तीचे साडेसहाशे रुपये मी देणार नाही. तेवढ्यात शेकायच्या दोन रबरी पिशव्या येतात. टॉवेलात गुंडाळून ठेवल्या तर चालतात आणि गार झाल्या की हाताला कळतं. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, त्या फोटोचा स्क्रीनशॉटही जपून ठेवलाय.