रेवदंड्याच्या खाडीतला एक हंगाम : आऊटबोर्ड इंजिनाला खाऱ्या पाण्यापासून जपणारा संच

आमची 17 फुटी फायबरची बोट रेवदंड्याला कुंडलिकेच्या खाडीत असते आणि सुट्टीच्या दिवशी कोर्लईपर्यंत फेरफटका मारण्यासाठीच तिचा वापर होतो. मागच्या पावसाळ्याआधी बोट वर काढून शाकारताना मागे बाहेरून बसवलेल्या (आऊटबोर्ड) इंजिनाच्या थर्मोस्टॅटचे, म्हणजे इंजिन तापल्यावर पाण्याचा मार्ग उघडणाऱ्या झडपेचे, झाकण उघडले, तेव्हा आतल्या जलमार्गात खडीसाखरेसारखे मिठाचे कडक खडे जमलेले दिसले, आणि बोट पुढे ढकलणाऱ्या पंख्याजवळचा रंग फुगून त्याखाली ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी झाली होती. म्हणून नारळी पौर्णिमेनंतर बोट पुन्हा पाण्यात उतरवण्याआधी मी खाऱ्या पाण्यापासून संरक्षण देणारा एक तयार संच ऑनलाइन मागवला. त्यात इंजिन धुण्याचे मफ, मीठ काढणारे द्रावण, गंजरोधक स्प्रे आणि दोन झिंक, म्हणजे इंजिनाऐवजी स्वतः झिजणारे धातूचे तुकडे, होते. पूर्ण हंगाम वापरल्यावर हे लिहीत आहे.

संचातली सर्वांत उपयोगी वस्तू मफ हीच आहे. रबराच्या या दोन वाट्या इंजिनाच्या खालच्या भागात पाणी ओढणाऱ्या जाळ्यांवर दोन्ही बाजूंनी बसतात आणि त्यांना बागेची साधी नळी जोडता येते. बोट ट्रेलरवर आल्यावर आधी पाणी सोडायचे, मग इंजिन न्यूट्रलमध्ये मंद गतीवर सुरू करायचे आणि मागच्या छिद्रातून पाण्याची धार नीट पडते आहे याची खात्री करून घ्यायची. मी दहा ते पंधरा मिनिटे थांबतो, कारण इंजिन तापून थर्मोस्टॅट उघडल्याशिवाय गोडे पाणी सर्व मार्गांत पोहोचत नाही. नुसती नळी लावून थंड इंजिन धुतल्यास नेमका मिठाचा कोपरा कोरडाच राहू शकतो. वाटी घसरली तर मात्र क्षणाचाही विलंब न करता इंजिन बंद करावे, कारण पंपाचा रबरी इंपेलर (पाणी ढकलणारे चक्र) पाण्याशिवाय फार लवकर जळतो. या संचातल्या वाट्यांची पकड हंगामभर घट्ट राहिली, याचे समाधान आहे. धुण्याचे पाणी कुठले हेही पाहावे लागते. उन्हाळ्यात किनाऱ्यालगतच्या विहिरींचे पाणी मचूळ होते. त्याने इंजिन धुणे म्हणजे मीठ काढून पुन्हा मीठच घालणे, म्हणून मी नळाचे पाणी पिंपात साठवून ठेवतो.

झिंकबाबत माझी तक्रार आहे. हा धातूचा तुकडा स्वतः झिजून इंजिनाचे ॲल्युमिनियम वाचवतो. हे तत्त्व जुने आहे : 1824 साली हम्फ्री डेव्ही यांनी ब्रिटिश नौदलाच्या जहाजांच्या तांब्याच्या पत्र्याला जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे जोडून पत्र्याची झीज रोखून दाखवली होती. आपल्याकडे मेकॅनिक अशा प्रत्येक तुकड्याला झिंकच म्हणतात, मग तो कोणत्याही धातूचा असो, आणि गोंधळ इथेच होतो. संचातले तुकडे खरोखर जस्ताचे होते. मोकळ्या समुद्रात जस्त चांगले काम देते. पण खाडीत नदीचे पाणी मिसळते आणि अशा मचूळ पाण्यात जस्तावर कडक थर चढून ते निष्क्रिय होते. दिवाळीनंतर पाहिले तेव्हा आमचे दोन्ही तुकडे राखाडी पापुद्र्याखाली जसेच्या तसे होते, म्हणजेच झीज दुसरीकडे चालू होती. खाऱ्या आणि मचूळ, दोन्ही पाण्यांत चालणारे ॲल्युमिनियम मिश्रधातूचे तुकडे मी स्वखर्चाने बसवले आणि मे महिन्यापर्यंत ते जवळपास निम्मे झिजले. तेवढे झिजल्यावर ते बदलायचेच असतात. कोणते पाणी आणि कोणता धातू, याविषयी माहितीपत्रकात एक ओळही नाही, ही मोठी उणीव आहे. तुकडा बसवताना खालचा रंग खरवडून धातूला धातू भिडवावा लागतो आणि त्या तुकड्यावर कधीही रंग लावायचा नसतो, हेही त्यात सांगितलेले नाही. आमच्या आधीच्या मेकॅनिकने इंजिनाबरोबर झिंकही रंगवून टाकले होते आणि पंख्याजवळच्या त्या भुकटीचे कारण मला तेच वाटते.

द्रावणाचा वेगळा असा फायदा मला जाणवला नाही, कारण ताजे मीठ साध्या पाण्यातही विरघळते. स्प्रे बॅटरीच्या टोकांना आणि वायरच्या जोडांना ठीक आहे. तो रबरी भागांवर मात्र उडवू नये.

या जूनमध्ये बोट वर काढल्यावर थर्मोस्टॅट पुन्हा उघडून पाहिला. जलमार्ग स्वच्छ होता, आणि पंख्याजवळ नव्याने लावलेला रंग कुठेही फुगलेला नव्हता. पुढच्या हंगामासाठी मफची एक जादा जोडी आणि ॲल्युमिनियमचे दोन तुकडे मी सुटे घेऊन ठेवले आहेत. पूर्ण संच पुन्हा घेणार नाही.