जुनी जिप्सी घेताना: गाडी खालून पाहावी

१९८५ मध्ये आलेल्या मारुती जिप्सीचे उत्पादन थांबून काही वर्षे झाली असली, तरी घाटाखालच्या वाडीपर्यंत जाणारी, वजनाने हलकी आणि गावातल्या मेकॅनिकलाही उघडता येणारी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर देता येणारी गाडी हवी असेल, तर मी अजूनही वापरलेली १.३ लिटर पेट्रोल जिप्सीच सुचवेन. आरामाची अपेक्षा मात्र ठेवू नये. चारही चाकांना पाटे, म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा असल्यामुळे प्रत्येक खड्डा थेट मणक्याला कळतो.

एका विक्रेत्याकडची गाडी नव्या रंगाने लखलखत होती. गोणपाट अंथरून खाली शिरलो आणि चासीवर, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर स्क्रूड्रायव्हर टेकवला, तर ताज्या काळ्या रंगाखालून गंजाचे पापुद्रे सुटले. किनाऱ्यालगत वापरलेल्या गाडीत ही तपासणी टाळूच नये. पुढच्या चाकांच्या आतल्या बाजूस ग्रीसमिश्रित तेल ओघळलेले दिसल्यास तेल अडवणारे सील गेले असे समजून भाव खाली आणावा.

फोर व्हील ड्राइव्ह डांबरी रस्त्यावर तपासू नये, कारण पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे सेंटर डिफरन्शियल नसल्याने वळणावर यंत्रणेवर ताण येतो. मातीवर गाडी थांबवून लो रेंज, म्हणजे कमी वेगात जास्त जोर देणारा गिअर टाकावा, चढावर सरळ चालवावे आणि लिव्हर आपोआप सुटत नाही ना, हे पाहावे. खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असल्याने आरसीवरची मुदतही वाचावी.

मी अखेर घेतली ती विटक्या रंगाची, दारावर पोचा असलेली; चासी मात्र ठणठणीत होती.