भयपट दिग्दर्शक व्हायचंय: रामसे, वर्मा की बर्वे? इंदुरातून सुरुवात करणाऱ्यासाठी

इंदुरात राहून भयपट करू पाहणाऱ्याने आधी आपल्याकडे मुबलक काय आहे ते बघावं: माणसं, जागा की वेळ. हिंदीतल्या तीन कारकिर्दी या तीन गोष्टींवर उभ्या राहिल्या आहेत.

रामसे कुटुंबाकडे माणसं होती. फाळणीनंतर मुंबईत येऊन लॅमिंग्टन रोडवर दुकान चालवणाऱ्या एफ. यू. रामसेंचा १९७० सालचा चित्रपट पडला, पण मुखवटा घालून चोरी करणाऱ्या पृथ्वीराज कपूर यांच्या प्रसंगाला प्रेक्षक घाबरतात, हे मुलांनी हेरलं. मग कुमारने लेखन, गंगूने कॅमेरा, किरणने ध्वनी, अर्जुनने संकलन आणि तुलसी-श्याम यांनी दिग्दर्शन सांभाळलं. १९७२ चा ‘दो गज जमीन के नीचे’ महाबळेश्वरला सुमारे ४० दिवसांत उरकला. पुढे ‘पुराना मंदिर’ (१९८४) आणि १९९३ पासून झीवरची मालिका. दोन दशकं हाताला काम राहिलं, हा या वाटेचा मोठा फायदा. तोटा असा की तीच हवेली आणि तोच मेकअप पुन्हा पुन्हा दिसू लागला.

राम गोपाल वर्मांनी जागा हेरली. सिव्हिल इंजिनियरिंग, हैदराबादेत व्हिडिओचं दुकान, १९८९ चा ‘शिवा’, मग ‘रात’ (१९९२). २००३ च्या ‘भूत’मध्ये त्यांनी भुताला हवेलीतून काढून शहरातल्या फ्लॅटमध्ये आणलं, गाणी वगळली आणि बरीचशी भीती आवाजावर सोपवली. पहिल्या लघुपटासाठी आम्ही हीच वाट सुचवू, कारण विजयनगरातला किंवा सुदामानगरातला ओळखीचा रिकामा फ्लॅट कुणालाही मिळतो. सराफ्याजवळचा जुना वाडा दिसायला देखणा असतो खरा, पण तिथली खाऊगल्ली मध्यरात्रीनंतरही गजबजलेली असते. थेट ध्वनी हाती लागणार नाही.

फ्लॅटमध्ये फसतं ते बहुतेक दोन ठिकाणी. पहिलं, प्रकाश. अंधार हवा म्हणून खोलीच अंधारी ठेवली, की आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) चढवावा लागतो आणि काळ्या भागात दाणे नाचू लागतात. खिडकीबाहेरून एक एलईडी पॅनल लावा, फ्रेममध्ये एक दिवा पेटता ठेवा, जरा उजळच चित्रित करा आणि ग्रेडिंगमध्ये, म्हणजे नंतर रंग-उजेड जुळवताना, खाली उतरवा. सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० सेकंदाचं शटर ठेवा. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर स्वस्त एलईडी लुकलुकतात आणि विजेशी न जुळणाऱ्या शटरला पडद्यावर आडवे पट्टे येतात. दुसरं, आवाज. पंखा, कूलर, फ्रिज बंद करून प्रत्येक खोलीची किमान ३० सेकंदांची शांतता वेगळी रेकॉर्ड करा. ती नसली की संकलनात दोन वाक्यांच्या मधला आवाज कापल्यासारखा तुटतो आणि प्रेक्षक भानावर येतो. फ्रिज बंद केल्यावर गाडीची किल्ली त्यातच ठेवा, म्हणजे निघताना तो चालू करायला विसरणार नाही.

कामाची वाटणी मात्र रामसेंसारखीच हवी. सानंद या इथल्या मराठी सांस्कृतिक संस्थेची नाटकं पाहत वाढलेल्या या शहरात नट सापडतात. ध्वनी एकट्याने सांभाळणारा माणूस सापडत नाही. तो आधी ठरवा, मग कॅमेऱ्याचं भाडं.

राही अनिल बर्वे यांची वाट वेळेची. ‘तुंबाड’चा पहिला मसुदा १९९७ चा, चित्रीकरण २०१२ ला सुरू झालं, मोठा भाग २०१५ मध्ये पुन्हा चित्रित झाला आणि प्रदर्शन २०१८ ला. खरा पाऊस टिपायला कित्येक पावसाळे गेले. २०२४ च्या पुनर्प्रदर्शनाने पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई केली, पण तोवर सहा वर्षं उलटली होती. ज्याचं घर दुसऱ्या उत्पन्नावर चालतं त्याने, आणि तेही दुसऱ्या-तिसऱ्या चित्रपटाला, ही वाट धरावी. पाऊसच हवा असेल तर बाहेरचे सगळे शॉट जुलै-ऑगस्टमध्ये सलग उरका आणि आतले पुढे ढकला. मधे उघडीप आली की भिंतींचा ओला रंग आणि ढगांचा उजेड आधीच्या शॉटशी जुळत नाही.