कडकनाथ म्हणून क्रॉस कोंबड्या गळ्यात मारल्या, शिरपूर-शहादा-चोपडा भागातल्यांनी जरूर वाचा

नमस्कार. शिरपूर तालुक्यातल्या आमच्या महिला बचत गटाला कडकनाथच्या नावाखाली कसं फसवलं ते सगळं लिहितेय, कारण तोच माणूस अजून व्हॉट्सॲपवर फोटो टाकून "प्युअर ब्रीडर सेट" विकतोय आणि आपल्या भागातले लोक धडाधड घेताहेत.

कडकनाथ आपल्याला काही परका नाही. सातपुड्याच्या पलीकडे झाबुआ-अलिराजपूरचा पक्षी, तिकडचे भिल्ल-भिलाला लोक पिढ्यानपिढ्या पाळतात, कालामासी म्हणतात. २०१८ मध्ये झाबुआच्या कडकनाथला जीआय (त्या भागाच्या खास मालाला मिळणारी सरकारी ओळख) मिळाला, भाव चढले आणि विकणारे पण वाढले. गटाने बँकेचं कर्ज काढून मोठे पक्षी घेतले, पाच तलंगांमागे (तरुण कोंबड्यांमागे) एक कोंबडा असा सेट. अंडी उबवून पिल्लं विकायची, उरलेली तोच परत घेणार असं त्याने सगळ्या बायांसमोर सांगितलं होतं. पक्षी एकेक हातात घेऊन बघितला होता आम्ही, तुरा, गलोल (चोचीखालची लोंबती कातडी), चोच, पाय, तळवे, जीभसुद्धा चोच उघडून बघितली, सगळं काळं-जांभळं.

मशीनमधून २१व्या दिवशी पहिली बॅच निघाली. बरीचशी पिल्लं निळसर काळी, पाठीवर गडद पट्टे, अगदी पाहिजे तशी. पण मधूनच एखादं असं, की अंगावर काळं आणि पाय उलटा केला तर तळवा गुलाबी, जीभ पण गुलाबी. सासूबाईंनी एक पिल्लू हातात घेतलं, पाय बोटाने चोळून बघितला आणि म्हणाल्या, "हाई ते गावठीच शे व माय!" पुढच्या बॅचेसमध्ये पण तेच, साधारण चारात एक.

त्याला फोन केला तर आधी म्हणे ताई तुमचं खाद्य चुकतंय, कॅल्शियम जास्त झालं की रंग उडतो. हे साफ खोटं आहे. खाद्याने बलकाचा रंग बदलतो, कातडी-हाडाचा काळेपणा नाही. मग म्हणे शेजारचा गावठी कोंबडा शिरला असेल. आमच्या शेडला चारही बाजूंनी जाळी आहे! मग म्हणे माझ्याकडून नवीन कोंबडे घ्या, ब्लड बदलतो, त्याचे पैसे वेगळे. पिल्लं परत घ्यायचा विषय काढला तर "ही कडकनाथ नाहीत, मी घेणार नाही." म्हणजे विकताना प्युअर आणि घेताना नाही. नंतर नंबरच ब्लॉक केला.

पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टर साहेबांनी कागदावर चौकट काढून समजावलं ते सगळ्यांना कळायला पाहिजे. कडकनाथचा आतबाहेरचा काळेपणा मुख्यतः एका जीनमुळे येतो, कोंबडीच्या २०व्या गुणसूत्रावरचा एक भाग दुप्पट झालेला असतो त्यामुळे. हा जीन वरचढ आहे, आईबापांपैकी एकाकडून आला तरी चालतो. म्हणून कडकनाथ कोंबडा आणि काळ्या पायाची गावठी कोंबडी यांची पहिली पिढी बहुतेक काळीच दिसते, चोच उघडून जीभ बघा नाहीतर तळवा बघा, सगळ्या परीक्षा पास. पण त्यांच्या अंगात काळ्याच्या जीनची एकच प्रत असते (शुद्धात दोन असतात), आणि असे दोन क्रॉस एकमेकांशी लावले की चारात एक पिल्लू काळ्याशिवाय निघतं. आमचा हिशोब अगदी तिथेच येत होता. शुद्ध कडकनाथ वर्षाला ८० ते १०० च्या आसपास अंडी देते, वाढ सावकाश, खुडूक पण फारशी बसत नाही. क्रॉस पटापट वाढतो, म्हणून या लोकांना परवडतो.

शेजारच्या कोंबड्याचं तर सविस्तर सांगते, कारण ही थाप सगळ्यांना पटते. कोंबडीच्या अंगात नराचं बीज दोन-दोन आठवडे टिकतं हे खरं आहे. पण कोंबडी शुद्ध असेल तर तिच्या प्रत्येक पिल्लाला काळ्याची एक प्रत मिळणारच, बाप कोणी का असेना. पांढऱ्या-पिवळ्या पायाच्या बापामुळे काळेपणा फिका पडू शकतो (१९११ मध्येच बेटसन आणि पनेट या शास्त्रज्ञांनी सिल्की (काळ्या कातडीची जात) आणि लेगहॉर्नच्या (पिवळ्या पायाची जात) क्रॉसमध्ये हे दाखवलं होतं, चौकट पण त्याच पनेटच्या नावाची), तरी आत कुठेतरी डाग राहतो. आम्ही गुलाबी तळव्याचं एक वाढवलेलं पिल्लू आणि मूळ आणलेला एक पक्षी असे दोन्ही शेजारी शेजारी कापून बघितले. मूळच्याची हाडं काळपट, पोटातला पडदा शाईत बुडवल्यासारखा. पिल्लाचं हाड स्वच्छ पांढरं, पडद्यावर एक ठिपका नाही. म्हणजे त्याची आई शुद्ध नव्हतीच, बापही नव्हता.

तर घेणाऱ्यांनो, मोठ्या पक्ष्याचा काळा रंग बघून पैसे देऊ नका. त्याच पक्ष्यांची पिल्लं दाखवायला सांगा, आणि चार-पाच नाही, अख्खी बॅच. झाबुआच्या कृषी विज्ञान केंद्राची हॅचरी आहे, तिथे नंबर लावून थांबावं लागलं तरी थांबा. आधीच कोंबडा घेतला असेल तर त्याला पांढऱ्या कातडीच्या गावठी कोंबड्यांवर सोडा, बाहेरचा दुसरा नर नको आणि आधीच्या नराचं बीज संपेपर्यंत महिनाभराची अंडी धरू नका. पिल्लं मोठी झाल्यावर फक्त माद्या बघा, नरांमध्ये पांढऱ्या आईमुळे काळेपणा फिका पडलेला असू शकतो त्यामुळे त्यांच्यावरून निकाल लावू नका. कोंबडा शुद्ध असेल तर माद्या सगळ्या काळ्या निघतील, निम्म्या पांढऱ्या निघाल्या तर तो क्रॉस.

आणि बिल. आमच्या बिलावर त्याने फक्त "देशी पक्षी" आणि नग लिहिलंय, कडकनाथ हा शब्दच नाही. पोलीस स्टेशनला अर्ज दिला तेव्हा पहिला प्रश्न तोच आला. बिलावर जात लिहून घ्या, "शुद्ध" लिहून घ्या, परत घेण्याचा भाव लिहून घ्या, नाही लिहिलं तर उठून या.

आमच्याकडे त्याचे व्हॉट्सॲप मेसेज, व्हॉइस नोट आणि पैसे ट्रान्सफर केल्याचे स्क्रीनशॉट आहेत. अजून कोणाच्या पिल्लांचे तळवे असे गुलाबी निघाले असतील तर बिल आणि फोटो जपून ठेवा आणि मला मेसेज करा. ग्राहक आयोगात (आधीचा ग्राहक मंच) अर्ज टाकायची तयारी चालू आहे, गटातल्या बायांनी कागद काढून ठेवलेत, अजून घरं सोबत आली तर एकत्रच टाकू.